विश्लेषण : आंतरप्रांतीय लग्नात जुळवून नेमके कुणी घ्यायचे?

मुलगी मराठी, मुलगा बंगाली. किंवा मुलगा मराठी, मुलगी बिहारची. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, नागपूर, कोल्हापुरातही अशा लग्नांच्या पत्रिका आता नव्या राहिलेल्या नाहीत. शिक्षण आणि नोकरीनिमित्त तरुण एकत्र येतात, ओळख होते, घरचे आधी नाही म्हणतात आणि मग हो म्हणतात. लग्न होते. मात्र रोजच्या संसारातले प्रश्न त्यानंतर सुरू होतात. डाळीत साखर घालायची की नाही, सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा की नाही, नवरात्रात उपवास करायचा की मटण, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण त्यांची उत्तरे कोण ठरवते, यावर त्या घरात कोण किती मोकळेपणाने जगणार हेही ठरते. 

लग्नाआधी काय बोलले जाते?

दोन्ही घरांच्या बैठकीत विषय ठरलेले असतात. लग्न कुणाच्या पद्धतीने करायचे, खर्च कसा वाटायचा, हॉल कोणत्या शहरात घ्यायचा. अनेकदा सकाळी एका पद्धतीने आणि संध्याकाळी दुसऱ्या पद्धतीने लग्न लावून दोन्हीकडची मने राखली जातात. छायाचित्रांत नऊवारीही दिसते आणि बनारसीही.

दोन दिवसांच्या समारंभाची वाटणी अशी बारकाईने होते. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल मात्र सहसा एकच वाक्य ऐकू येते, ‘‘ती घेईल हो जुळवून.’’ या वाक्याचा कर्ता जवळजवळ नेहमी ‘ती’ असते. ‘तो घेईल जुळवून’ असे मुलाकडचे क्वचितच म्हणतात. ज्या घरात राहायचे त्या घराची पद्धत हा नियम, आणि बाहेरून आलेल्या व्यक्तीची पद्धत हा ‘फरक’, असे गृहीत धरले जाते.

असे विवाह किती होतात?

चर्चा खूप होत असली तरी जातीबाहेर होणारी लग्ने आजही थोडीच आहेत. ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. धर्माबाहेरच्या लग्नांचे प्रमाण त्याहून कितीतरी कमी आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात सुमारे दोन तृतीयांश भारतीयांनी आपल्या समाजातील लोकांची धर्माबाहेर होणारी लग्ने थांबवणे ‘फार महत्त्वाचे’ असल्याचे सांगितले होते.

म्हणजे असे लग्न करणारी जोडपी आधीच अल्पसंख्य असतात. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलेले असते. त्यामुळे घरात काही खटकले तरी माहेरी सांगायची सोय राहत नाही. ‘‘तूच निवडलेस ना?’’ हे उत्तर तयार असते. ठरवून झालेल्या लग्नात भांडण झाले तर दोन्हीकडचे मध्ये पडतात. इथे मात्र निवड आपली म्हणून तक्रारही गिळायची, असा अलिखित नियम लागू होतो.

एकाच कृतीचे दोन अर्थ कसे होतात?

सर्वात जास्त गैरसमज होतात ते एकाच कृतीचे दोन घरांत उलट अर्थ असल्यामुळे.

पहिल्या संक्रांतीला मराठी सासर नव्या सुनेला काळी साडी घेते, हलव्याचे दागिने घालते. हे कोडकौतुक असते. उत्तरेकडच्या अनेक घरांत मात्र नव्या नवरीने शुभप्रसंगी काळे नेसणे टाळतात. हळदी-कुंकवाचा फोटो गावी पोहोचला की मुलीच्या आईला कौतुकाऐवजी काळजी वाटते.

दुसरे उदाहरण पाया पडण्याचे. मराठी घरात लेक आणि जावई दोघेही वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतात. उत्तर प्रदेश, बिहारमधील अनेक कुटुंबांत मुलीकडून आणि जावयाकडून पाया पडून घेत नाहीत. त्यामुळे मराठी जावई वाकला की तिकडचे सासरे संकोचून मागे सरतात. उलट तिकडचा जावई पुण्यात येऊन नुसते हात जोडतो, तेव्हा ‘मुलगा जरा ताठ आहे’ अशी कुजबुज होते. खरे तर दोघेही आपापल्या घरी शिकवलेली रीतच पाळत असतात.

तिसरे उदाहरण बंगाली घरातील माशाचे. मराठी शाकाहारी घरातून आलेल्या सुनेच्या ताटात सासू सणाच्या दिवशी मासा वाढते, तेव्हा सुनेला तो आपल्यावरचा आग्रह वाटतो. पण पारंपरिक बंगाली समाजात विधवेला मासा वर्ज्य होता. त्यामुळे सवाष्णीच्या पानातला मासा हे सौभाग्याचे लक्षण मानले गेले. बंगाली लग्नात नवरीसारखा सजवलेला मासा दुसऱ्या घरी पाठवण्याची रीत आहे. सून जेव्हा ‘‘मी नाही खात’’ म्हणते, तेव्हा सासूच्या कानावर पडते ते वेगळेच.

याचा अर्थ सुनेने मासा खावा असा मुळीच नाही. पण आपण नेमके कशाला नाही म्हणत आहोत हे तिला ठाऊक असेल, आणि सुनेचा नकार आपल्या आशीर्वादाला नाही हे सासूला कुणी सांगितले असेल, तर तोच नकार कमी बोचतो.

श्रावण कुणाचा आधी?

पंचांगाचा घोळ तर घरोघरी होतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे उत्तरेचा ‘सावन’ गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि मराठी श्रावण त्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी. नवरा उत्तरेचा आणि बायको मराठी असेल आणि दोघांनीही आपापला श्रावण पाळायचा ठरवला, तर त्या घरात सामिष जेवण जवळजवळ दीड महिना बंद. एकाने आपला महिना सोडला, तर तो कोणी सोडायचा हा प्रश्न उरतोच.

वटसावित्रीचेही तसेच. महाराष्ट्रात ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळला जातो, बिहार-उत्तर प्रदेशात त्याआधीच्या अमावास्येला. नवरात्रात फरक आणखी ठळक होतो. मराठी घरात घट बसतात, अनेकजणी नऊ दिवस उपवास करतात. त्याच दिवसांत बंगाली घरात दुर्गापूजा असते आणि नवमीला मटण शिजते. देवी एक, तिथीही एक, आणि दोन्हीकडची भक्ती खरी. अशा वेळी ‘आमच्यात असे चालत नाही’ हे वाक्य आधीच हवेत असते. त्याऐवजी ‘आमच्याकडे असे करतात’ एवढेच म्हटले तरी बोलणे पुढे सरकू शकते.

फरक प्रांतांचा की घरांचा?

‘मराठी संस्कृती’ आणि ‘बंगाली संस्कृती’ अशा सरळ चौकटीतही हा विषय बसत नाही. मालवणी घरातली मुलगी बंगाली घरात जेवायला सहज रुळेल. तीच मुलगी पुण्यातल्या एखाद्या कांदा-लसूण न चालणाऱ्या मराठी घरात गेली, तर तिथे तिला अवघड जाईल. भाषा एक असूनही घाटावरचे आणि कोकणातले स्वयंपाकघर वेगळे असते. जात बदलली की देव्हारा, कुळाचार आणि सोवळ्याचे नियमही बदलतात.

उलट, फार दूरच्या घरांत ओळखीची गोष्ट सापडते. मराठी आई ज्याला ‘उष्टे’ म्हणून हात लावू देत नाही, त्याला बंगाली आई ‘एँटो’ म्हणते आणि तमिळ आई ‘एच्चिल’. शब्द तीन, धाक एकच.

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचे प्रदेशवार विभाग पाडून दाखवले. दक्षिणेत मामेभावाशी, आतेभावाशी किंवा काही ठिकाणी मामाशीही लग्न होत असल्याने मुलगी अनेकदा ओळखीच्या घरात जाते. उत्तरेत नात्यात आणि गावात लग्न टाळले जात असल्याने ती पूर्ण परक्या घरात जाते. त्यामुळे सासरचे तिचे वागणेही वेगळे घडते. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. इथे दोन्हीकडच्या चालींची सरमिसळ आहे, अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे.

या मांडणीतून आजच्या जोडप्यांना उपयोगी पडेल असा मुद्दा निघतो. सासरच्यांसमोर सून किती बोलते, हसते, डोक्यावर पदर घेते की नाही, हे तिच्या एकटीच्या स्वभावावर किंवा ‘संस्कारां’वर ठरत नाही. ती ज्या नात्यांच्या रचनेत वाढली, त्यातून ते आलेले असते. सासऱ्यांशी राजकारणावर वाद घालणारी मराठी सून उत्तरेतल्या घरात उद्धट ठरू शकते, आणि तिकडून आलेली, कमी बोलणारी सून मराठी घरात ‘आतल्या गाठीची’.

कायद्याची भूमिका काय?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लग्न लावता येते. वराकडचीच पद्धत हवी असे कायदा म्हणत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार धर्म न बदलता लग्न करता येते. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटिशीवर आक्षेप घेता येतो, पण तो वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते किंवा मानसिक सक्षमता अशा कायद्यात दिलेल्या अटींवरच. नातेवाईकांची नाराजी हे आक्षेपाचे कारण होऊ शकत नाही. लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्तीही कोणत्या कायद्यात नाही.

तरीही ‘लग्नानंतर बाई नवऱ्याच्या घरची’ हा समज कायद्याच्या दारापर्यंत पोहोचतो. गुजरातमधील वलसाडच्या एका पारशी महिलेने विशेष विवाह कायद्याने हिंदू पुरुषाशी लग्न केले होते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशी स्त्री पतीच्या धर्माची झाल्याचे मानले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या पारशी ट्रस्टने तिला आई-वडिलांच्या अंत्यविधींना उपस्थित राहू देण्याची तयारी दाखवली. स्वतःच्या आई-वडिलांच्या अंत्यविधीला जाता यावे, एवढ्यासाठी तिला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ‘जुळवून घे’ या सल्ल्याचे टोक कुठे जाऊन पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

वाद चवीचा की कामाचा?

‘‘आम्ही दोन्ही घरांचे सण करतो,’’ असे अनेक जोडपी अभिमानाने सांगतात. ते चांगलेच आहे. पण ते सण करते कोण, हे विचारायला हवे.

दिवाळीचे उदाहरण घ्या. मराठी-बिहारी घरात चकली, करंजी, अनारशांचा फराळ होतो. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. घर धुऊन काढणे, ठेकुआ तळणे, सूप भरणे आणि व्रत धरणाऱ्या व्यक्तीचा सुमारे ३६ तासांचा निर्जळी उपवास. दोन संस्कृतींचा असा मेळ सुंदर दिसतो, पण दोन्हीकडचे तळण एकाच बाईच्या वाट्याला आले तर तिच्यासाठी ते दुप्पट काम असते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. सर्वसाधारण घरातच एवढी तफावत असेल, तर दोन पंचांगांच्या घरात ती वाढण्याचीच शक्यता जास्त. म्हणून ‘संस्कृतीचा संघर्ष’ म्हणून ज्याची चर्चा होते, त्यातला बराच भाग हा कामाच्या वाटणीचा संघर्ष असतो. मोहरीच्या तेलाचा वास सहा महिन्यांत सवयीचा होतो. रोज दोन प्रकारचा स्वयंपाक एकटीने करण्याची सवय मात्र होत नाही, त्याचा फक्त थकवा साचत जातो.

मध्ये कुणी बोलायचे?

अशा घरात सर्वात मोठी जबाबदारी ज्याचे ते घर आहे त्या जोडीदाराची असते. बायको सासरच्या घरात राहत असेल, तर नवऱ्याची. घरजावई असेल किंवा मुलीचे आई-वडील सोबत राहत असतील, तर बायकोची. त्या घराची भाषा, तिथले रुसवे, न बोलता समजून घ्यायचे संकेत फक्त त्यालाच ठाऊक असतात. बाहेरून आलेल्याला ते कुणी सांगितले नाहीत, तर चुकल्यावरच कळतात.

प्रत्यक्षात मात्र नेमकी हीच व्यक्ती गप्प बसते. ‘‘आई आहे, तिला काय बोलणार,’’ किंवा ‘‘तुम्ही दोघी बघून घ्या,’’ असे म्हणून मुलगा बाजूला होतो. मग आईचा राग सुनेवर निघतो आणि सुनेचा राग आईवर. ज्याला दोघींचीही भाषा येते, तो बाहेर मोबाइल बघत बसलेला असतो. ‘‘ती संक्रांतीला काळी साडी नेसली, कारण आमच्याकडे तेच शुभ मानतात’’ हे बिहारच्या आईला सांगायचे काम मराठी मुलाच्या घरच्यांना जमणार नाही. ते तिच्या लेकीनेच करायला हवे. आणि ‘‘तिला उपवास झेपत नाही, आग्रह करू नकोस’’ हे मराठी सासूला सांगायचे काम तिच्या मुलाचेच.

मुलांची मातृभाषा कोणती?

मूल झाल्यावर प्रश्न पुन्हा वर येतो. जनगणनेत मातृभाषेची व्याख्या लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती, अशी आहे. घरात मात्र अनेकदा वेगळेच घडते. आई मराठी, वडील तमिळ, दोघांची आपसातली भाषा इंग्रजी किंवा हिंदी, आणि मुलाची भाषाही तीच. मूल दोन्ही आजी-आजोबांशी तिसऱ्याच भाषेत बोलते, किंवा व्हिडिओ कॉलवर नुसते हसून हात हलवते. दोन भाषा मिळू शकणाऱ्या घरात मुलाला एकही नीट मिळत नाही.

यावरचा साधा उपाय अनेक घरांनी केला आहे. आईने मुलाशी कायम आपल्या भाषेत बोलायचे, वडिलांनी आपल्या. सुरुवातीला शब्दांची सरमिसळ होते, ती पुढे सुटत जाते. अट एवढीच की दोघांनीही एकमेकांची भाषा निदान कानाला ओळखीची करून घ्यायची. ‘‘तुमची भाषा घरात बोलू नका, मला कळत नाही,’’ असे म्हटले की उपाय तिथेच संपतो.

मग करायचे काय?

लग्नाआधी हॉल आणि मेन्यूवर जेवढा वेळ जातो, त्याचा थोडा भाग पुढील प्रश्नांना द्यायला हवा. घरात काय शिजेल, आणि जे चालत नाही ते बाहेर खाल्लेले चालेल का? नाव आणि आडनाव कोण बदलणार, की कोणीच नाही? मंगळसूत्र, शांखा-पोला, सिंदूर यातले काय रोज घालायचे आणि ते ठरवणार कोण? दिवाळी कुणाकडे? दोन्हीकडचे आई-वडील थकले की कुणाकडे राहतील? मुलाशी कोणती भाषा? सगळ्यांची उत्तरे आधी मिळणार नाहीत. पण प्रश्न विचारल्यावर समोरची व्यक्ती ‘‘ते बघू नंतर’’ म्हणते, की विचार करून बोलते, यावरूनही पुष्कळ समजते.

लग्नानंतर एक साधा हिशेब ठेवता येतो. गेल्या वर्षभरात दोघांपैकी कुणी काय सोडले आणि कुणी नवीन काय शिकले? एका बाजूला दहा गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला एकही नसेल, तर त्या घरात जुळवून घेणे झालेले नाही, एकाला दुसऱ्यात मुरवणे चालले आहे. नवऱ्याला बायकोच्या भाषेत चार वाक्ये येतात का, तिच्या सणाला तो सुट्टी घेतो का, तिच्या माहेरचा एखादा पदार्थ स्वतः करतो का, यातून त्या हिशेबाची दुसरी बाजू भरते.

सासू-सासऱ्यांनाही या वयात बदलणे सोपे नसते. आयुष्यभर जे पवित्र मानले, ते कुणी सहज ओलांडले की दुखतेच. त्यांच्या अडचणीला ‘मागासलेपणा’ म्हणून उडवून लावणे हाही अन्यायच आहे. पण त्यांच्यापैकी अनेकांनी मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकून घेतले, नातवंडांसाठी पास्ताही चाखून पाहिला. मनात आले तर या वयातही बदलता येते, हे त्यांनी स्वतःच दाखवले आहे. 

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवले होते. महाराष्ट्र सरकार अशा काही विवाहांना ५० हजार रुपयांचे साहाय्यही देते. पण लग्नानंतर येणारी व्यक्ती आपली भाषा, आपले अन्न आणि आपले नाव उंबरठ्याबाहेर ठेवूनच आत येणार असेल, तर त्या लग्नाने घर बदलले असे म्हणता येत नाही. पुढच्या वेळी बैठकीत ‘‘ती घेईल हो जुळवून’’ हे वाक्य आले, तर ‘‘आणि आपण काय शिकणार?’’ हा प्रश्न मुलाने तिथल्या तिथे विचारायला हवा.